अडतीस प्रश्न आणि दोन मतं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी बत्तीस वर्षं माध्यमिक शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या शेपटाला बांधलेला विषय. सहामाही जवळ आली की उरकायचा. ‘मतदाराने विचारपूर्वक मतदान करावे’ हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याची मोजदाद नाही. पण इतक्या वर्षांत एकाही मुलानं उभं राहून विचारलं नाही, की बाई, विचारपूर्वक म्हणजे नेमकं कसं? विचारलं असतं तर माझी पंचाईतच झाली असती.

तो प्रश्न अखेर मला विचारला माझ्या भाचीनं, आणि तोही जर्मनीत, तिच्या स्वयंपाकघरात. फेब्रुवारी २०२५ मध्ये मी तिच्याकडे श्टुटगार्टला गेले होते. हे शहर १९६८पासून मुंबईचं जोडशहर आहे. बाहेर गोठवणारी थंडी होती आणि दिव्याच्या प्रत्येक खांबावर उमेदवारांचे हसरे चेहरे टांगलेले होते. आदल्या नोव्हेंबरात तिथलं आघाडी सरकार मोडलं होतं, म्हणून मुदतीआधीच २३ फेब्रुवारीला निवडणूक लागली होती. आमची ही मुलगी नऊ वर्षं तिथे नोकरी करते. जून २०२४मध्ये जर्मनीनं नागरिकत्वाचा कायदा सैल केला, आठ वर्षांच्या वास्तव्याची अट पाचांवर आणली, त्यानंतर तिनं अर्ज केला आणि नागरिकत्व घेतलं. जर्मन कायदा आता दोन देशांचं नागरिकत्व चालवून घेतो, आपला घेत नाही. त्यामुळे भारतीय पासपोर्ट परत करावा लागला. त्या दिवशी तिनं मला फोन केला होता, आणि बराच वेळ ती नुसती हवापाण्याचं बोलत राहिली होती.

तर ही तिची तिथली पहिली निवडणूक. म्हणाली, “मावशी, तिकडे असताना मी एकदाच मत दिलं. बाबा ज्यांना देतात त्यांना दिलं. इथे बाबा नाहीत, आजोबा नाहीत, गल्ली नाही. पासपोर्ट देऊन हे मत मिळवलंय. ते कुणाला द्यायचं हे ठरवायचं कसं?”

आणि तिनं संगणक उघडून माझ्यासमोर ठेवला. त्यावर जे होतं त्याचं नाव ‘वाल-ओ-मात’. जर्मन भाषेत ‘वाल’ म्हणजे निवडणूक किंवा निवड, आणि ‘मात’ हे ‘आउटोमाट’चं शेपूट. नाणं टाकलं की खालून चॉकलेट पडतं तसल्या यंत्राच्या चालीवर केलेलं हे नाव. यात नाणं टाकायचं नसतं. एकामागून एक अडतीस विधानं समोर येतात. प्रत्येकाखाली तीन बटणं, सहमत, तटस्थ आणि असहमत. शिवाय विधान सोडून पुढे जाण्याची सोय. युक्रेनला लष्करी मदत चालू ठेवावी. सगळ्या महामार्गांवर वेगमर्यादा असावी. किमान वेतन ताशी पंधरा युरो करावं. नवा भाडेकरू ठेवताना भाड्यावर कायद्याची मर्यादा राहावी. रेल्वे स्थानकांवर पोलिसांना चेहरा ओळखणारी यंत्रणा वापरू द्यावी. आणि यादीत एक विधान असंही होतं, की जर्मन नागरिकत्वाबरोबर दुसरं नागरिकत्व ठेवण्याची मुभा यापुढेही राहावी. त्या विधानावर भाचीचा हात जरा थांबला. तिच्या नवऱ्यानं अजून भारतीय पासपोर्ट सोडलेला नाही. तो शेजारी कांदा चिरत उभा होता. तो म्हणाला, “सहमत दाब, पण कळवायचं दिल्लीला आहे.”

सगळी उत्तरं दिली की जे मुद्दे आपल्याला जास्त महत्त्वाचे वाटतात त्यांना दुप्पट वजन देता येतं. मग ते यंत्र आपली उत्तरं पक्षांच्या उत्तरांशी ताडून पाहतं, आणि कोणत्या पक्षाशी आपलं किती टक्के जुळतं ते आडव्या पट्ट्यांनी दाखवतं. त्या निवडणुकीत २९ पक्ष मैदानात होते. भाचीनं ३६ विधानांना उत्तरं दिली, चारांना दुप्पट वजन दिलं, आणि पट्ट्या उमटल्या. सगळ्यात लांब पट्टी साडेबहात्तर टक्क्यांची होती. ती पाहून तिचा चेहरा पडला. कारण तो पक्ष तिच्या मनातला नव्हताच. उलट ज्याला ती मत देणार नाही असं वर्षभर सांगत आली होती, तोच तो पक्ष. नाव सांगत नाही. मतदान गुप्त असतं, ते मी मुलांना शिकवलेलं आहे.

माझ्यातली शिक्षिका जागी झाली. साडेबहात्तर आले कुठून? हिशेब अगदी तिसरीच्या गणितासारखा निघाला. तुमचं आणि पक्षाचं उत्तर तंतोतंत जुळलं तर दोन गुण. तुम्ही सहमत आणि पक्ष तटस्थ, किंवा उलट, तर एक गुण. एक सहमत, एक असहमत, तर शून्य. वजन दिलेल्या विधानाला हेच गुण दुप्पट. सोडून दिलेली विधानं हिशेबात धरतच नाहीत. भाचीची ३६ विधानं अधिक चार दुपटीची, म्हणजे चाळीस, गुणिले दोन, एकूण ऐंशी गुण. त्यातले अठ्ठावन्न जुळले. झाले साडेबहात्तर.

मग मलाही मोह झाला. मला जर्मनीच्या राजकारणातलं ओ की ठो कळत नाही. अडतीसपैकी नऊच विधानांना मी उत्तर दिलं, बाकी सोडली. नऊ विधानांचे गुण अठरा. एका चिमुकल्या पक्षाशी माझे पंधरा जुळले. म्हणजे त्र्याऐंशी टक्के! नऊ वर्षं त्या देशात राहून कर भरणाऱ्या मुलीचे साडेबहात्तर, आणि परवा विमानातून उतरलेल्या मावशीचे त्र्याऐंशी. जावई म्हणाले, “मावशी, तुम्ही उभ्याच राहा.” या टक्केवारीकडे बघताना ती किती उत्तरांवर उभी आहे हे आधी बघायला हवं, हे मी त्या रात्री शिकले.

आणखी एक गंमत याच हिशेबात दडलेली आहे. एखाद्या पक्षानं प्रत्येक विधानाला ‘तटस्थ’ म्हणून उत्तर दिलं असं धरा. कोणत्याही मतदारानं काहीही उत्तर दिलं तरी त्या पक्षाला प्रत्येक विधानाला निदान एक गुण मिळतोच. म्हणजे तो पक्ष कुणाच्याही यादीत पन्नास टक्क्यांच्या खाली जायचा नाही. कुंपणावर बसण्याचं असं बक्षीस आहे. म्हणून पट्टीच्या खाली उतरून पक्षानं काय कारण दिलंय ते वाचायचं. तशी सोय तिथे आहे. पक्ष आपली उत्तरं स्वतःच देतात आणि प्रत्येकाला चार ओळींचं समर्थन जोडतात. दोन पक्ष वेगमर्यादेला ‘सहमत’ म्हणतील, पण एकाला अपघात कमी व्हायला हवे असतील आणि दुसऱ्याला हवेतला धूर. यंत्राच्या लेखी दोघं सारखेच.

हे सगळं करतं कोण, असं तुम्ही विचाराल. ‘नागरी शिक्षणाचं संघराज्य केंद्र’ असं म्हणता येईल अशी एक सरकारी संस्था तिथे आहे. १९५२ साली, म्हणजे हिटलरच्या राजवटीचा अनुभव ताजा असताना, ती स्थापन झाली. लोकांना लोकशाही शिकवायला हवी, ती आपोआप येत नाही, हा त्यामागचा विचार. गृहखात्याच्या अखत्यारीतली संस्था, पण तिच्यावर संसद सदस्यांच्या मंडळाची देखरेख असते. वाल-ओ-मात पहिल्यांदा आला २००२च्या निवडणुकीत. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे विधानं तयार करायला ते बसवतात अठरा ते सव्वीस वर्षांच्या तरुण मतदारांना. सोबतीला राज्यशास्त्राचे अभ्यासक असतात. ही मुलं पक्षांचे जाहीरनामे वाचतात, ऐंशीच्या आसपास विधानं काढतात, ती सगळ्या पक्षांना पाठवतात, आणि उत्तरं आल्यावर ज्या विधानांवर पक्षांमध्ये खरंच फरक दिसतो अशी अडतीस ठेवतात. शिक्षण मोफत असावं का, असं विचारून सगळे हो म्हणाले तर त्या प्रश्नाचा निवडीला उपयोग काय? २०२१च्या निवडणुकीत हे यंत्र दोन कोटींहून अधिक वेळा वापरलं गेलं आणि २०२५ला त्याहून जास्त. ‘वेळा’ हा शब्द मी जपून वापरते आहे. आमच्या स्वयंपाकघरातूनच त्या रात्री ते चार वेळा वापरलं गेलं आणि मत देणारी एकटीच होती.

पण मूळ कल्पना जर्मनांची नव्हे, शेजारच्या डच लोकांची. आणि श्रोतेहो, ती निघाली शाळेतून! १९८९ साली हॉलंडमध्ये नागरिकशास्त्राच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं ‘स्टेमवाइझर’ नावाची पुस्तिका काढली. ‘स्टेम’ म्हणजे मत आणि ‘वाइझर’ म्हणजे दाखवणारा, वाटाड्या. पक्षांच्या जाहीरनाम्यांतून निवडलेली साठ विधानं आणि सोबत एक फ्लॉपी. वर्गात मुलांनी विधानं वाचायची, वाद घालायचा, आणि आपण कोणाच्या जवळ आहोत ते शोधायचं. हे वाचलं तेव्हा मला खरं सांगते, हेवा वाटला. १९८९ साली मी नववीच्या वर्गात राज्यपालांचे अधिकार तोंडपाठ करून घेत होते.

१९९८ला ही पुस्तिका इंटरनेटवर आली, तेव्हा साडेसहा हजारांच्या आसपास लोकांनी ती वापरली. २००६च्या निवडणुकीत हाच आकडा सत्तेचाळीस लाखांवर गेला. तिथले मतदारच मुळात सव्वाकोटीच्या आत. शाळेतलं खेळणं राष्ट्रीय संस्था होऊन बसलं. १५ मार्च २०१७ला, ऐन मतदानाच्या दिवशी, या संकेतस्थळावर खोट्या मागण्यांचा मारा करून ते बंद पाडण्याचा प्रयत्न झाला. जे कुणी वापरतच नाही ते बंद पाडायला कोण जाईल?

आता एक अडचण भाचीनंच दाखवली. जर्मन मतदाराला दोन मतं असतात. एक आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला, दुसरं पक्षाला. वाल-ओ-मात बोलतो फक्त पक्षांबद्दल. खांबावर हसणाऱ्या त्या माणसांबद्दल तो मुका. माणूस आणि मतदार यांची जुळवाजुळव बघायची तर फिनलंडला किंवा स्वित्झर्लंडला जायला हवं.

फिनलंडमध्ये मतपत्रिकेवर नावं किंवा चिन्हं नसतात. एक गोल असतो, आणि त्यात आपल्या उमेदवाराचा क्रमांक मतदारानं स्वतःच्या हातानं लिहायचा. पक्षाला नुसतं मत देताच येत नाही, माणूस निवडावाच लागतो. दोनशे जागांच्या संसदेसाठी २०२३ साली सुमारे २४०० उमेदवार होते. कोण कोणाला ओळखणार? म्हणून तिथल्या सरकारी प्रसारण संस्थेनं, म्हणजे त्यांच्या आकाशवाणी-दूरदर्शननंच, १९९६ साली ‘वालिकोने’ सुरू केलं. शब्दशः ‘निवडणूक-यंत्र’. पुढे वर्तमानपत्रांनी आणि खाजगी वाहिन्यांनी आपापली काढली. तिथला उमेदवार प्रत्येक प्रश्नाला स्वतः उत्तर देतो आणि खाली दोन ओळी लिहितो. ज्यानं उत्तरं दिलीच नाहीत तो यादीत वर येत नाही. अशी शिक्षा करायला कायदा लागला नाही.

स्वित्झर्लंडची तऱ्हा त्याहून न्यारी. झुरिकसारख्या मोठ्या प्रांतात तीसहून अधिक जागा, तितकीच मतं प्रत्येक मतदाराला, आणि उमेदवार हजाराच्या वर. शिवाय मतदाराला मुभा अशी, की एका पक्षाच्या यादीतली नावं खोडा, तिथे दुसऱ्या पक्षाची नावं लिहा, आवडत्या माणसाचं नाव दोनदा लिहा. महाराष्ट्रातल्या ज्यांनी जानेवारी २०२६ला महापालिकेच्या बहुसदस्यीय प्रभागात मत दिलं, त्यांना चार गटांतली नावं शोधताना काय होतं ते ठाऊक आहे. तिथे तर पस्तीस-छत्तीस! त्यांच्यासाठी २००३पासून ‘स्मार्टव्होट’ आहे. त्यात छोटी प्रश्नावली आणि पंचाहत्तरच्या आसपास प्रश्नांची मोठी, दोन्ही असतात. उत्तरं ‘हो’, ‘बहुधा हो’, ‘बहुधा नाही’, ‘नाही’ अशी. निकाल कोळ्याच्या जाळ्यासारख्या आकृतीत दिसतो. आठ धागे, पर्यावरण, स्थलांतर, कायदा-सुव्यवस्था, समाजकल्याण वगैरे. तुमचं जाळं आणि उमेदवाराचं जाळं एकावर एक ठेवून पाहायचं.

बरं, निवडून आल्यावर हे लोक दिल्या उत्तराला जागतात का? मला वाटलं होतं, कोण मोजणार? पण स्विस अभ्यासकांनी ते मोजलं. निवडणुकीआधी स्मार्टव्होटवर दिलेली उत्तरं आणि पुढे संसदेत त्याच विषयांवर केलेलं मतदान त्यांनी शेजारी ठेवून पाहिलं. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात शंभरपैकी सुमारे पंच्याऐंशी वेळा मेळ बसला. उरलेल्या पंधरांचं काय, असं आपण विचारूच. पण निदान विचारायला कागद हातात आहे.

याच्या उलट टोकाला अमेरिका. तिथे ‘प्रोजेक्ट व्होट स्मार्ट’ नावाची निःपक्ष संस्था १९९०च्या दशकापासून उमेदवारांना प्रश्नावली पाठवत आली. होता होता उत्तरं देणारे उमेदवार घटत गेले. कारण व्यवहारी आहे. लेखी दिलेलं उत्तर उद्या प्रतिस्पर्ध्याच्या जाहिरातीत आपल्याच फोटोखाली झळकतं. म्हणून सल्लागार सांगतात, गप्प बसा. संस्थेनं त्या प्रश्नावलीचं नाव पुढे ‘राजकीय धैर्याची चाचणी’ असं ठेवलं. तेवढ्यानं धैर्य थोडंच येतं?

आता माझ्या मनातला खरा संशय सांगते. प्रश्न निवडतो त्याच्याच हातात बरंच काही असतं. शिक्षकाला हे सांगायला नको. कुठला धडा परीक्षेला येणार हे ठरवलं की पहिला नंबर कुणाचा येणार हेही बऱ्यापैकी ठरतं. बेल्जियममधल्या अभ्यासकांनी हे आकड्यांत दाखवून दिलं. त्यांनी एक हजार मतदारांकडून पन्नास विधानांवर उत्तरं घेतली. मग संगणकाला सांगितलं, या पन्नासातून छत्तीस-छत्तीस विधानांचे वेगवेगळे पाच लाख संच कर आणि प्रत्येक संचानं मतदारांना कोणता पक्ष सुचवला असता ते काढ. मतदार तेच, त्यांची मतं तीच, पक्ष तेच. विधानांचा संच बदलला की सुचवलेले पक्ष बदलत होते, काही वेळा फारच. २००९ साली हे प्रसिद्ध झालं. कॅनडात २०११ला अशाच एका चाचणीवर ओरड झाली, की सगळीकडे एकच उत्तर दाबत गेलं की एकाच पक्षाचं नाव येतं. करणाऱ्यांनी खुलासा केला, की एकच बटण दाबत जाणारा माणूस मधोमधच येऊन पडणार. खुलासा खोटा नव्हता. पण वापरणाऱ्याला तो आधी कुणी सांगितला होता?

निकाल दाखवण्याच्या पद्धतीवरूनही भांडणं होतात. मे २०१९मध्ये युरोपीय संसदेच्या निवडणुकीत जर्मनीत ४१ पक्ष होते. वाल-ओ-मात तेव्हा एका वेळी फक्त आठच पक्षांशी तुलना करू द्यायचा, आणि ते आठ वापरणाऱ्यानं निवडायचे. माणूस स्वाभाविकपणे ओळखीची नावं निवडणार. ‘फोल्ट’ नावाचा नवा, छोटा पक्ष कोर्टात गेला. म्हणणं असं, की आम्हाला कुणी निवडतच नाही, मग आमच्याशी किती जुळतं हे कळणार कसं? कोलोनच्या न्यायालयाला ते पटलं. मतदानाला सहा दिवस उरले असताना यंत्र बंद करावं लागलं. तीन दिवसांत तडजोड झाली, सगळ्या पक्षांशी तुलना करण्याची सोय आली आणि यंत्र पुन्हा सुरू झालं. आमच्या वेळी म्हणून २९ पट्ट्या उमटल्या आणि माझ्या त्या चिमुकल्या पक्षाची भेट झाली. मला हा खटला फार आवडला. सरकारी संस्थेच्या एका बटणाविरुद्ध एक छोटा पक्ष न्यायालयात जातो आणि आठवड्याच्या आत बटण बदलतं.

सगळ्याच प्रश्नमंजूषा इतक्या सरळ नसतात. केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण २०१८ साली उघडकीला आलं, तेव्हा सुरुवात अशाच एका निरुपद्रवी दिसणाऱ्या चाचणीनं झाली होती. ‘तुमचं व्यक्तिमत्त्व ओळखा’ छापाची. त्यातून फेसबुकच्या आठ कोटी सत्तर लाखांपर्यंत लोकांची माहिती राजकीय प्रचाराच्या कामाला गेली. तेव्हा प्रश्न विचारणारा कोण, तो नाव-पत्ता मागतो का, हे बघायचं. वाल-ओ-मातनं आम्हाला नाव विचारलं नाही.

आणि आता तर प्रश्नमंजूषेचीही गरज नाही असं वाटणारी पिढी आहे. सरळ संगणकाच्या कृत्रिम बुद्धीलाच विचारायचं, मी असा असा माणूस आहे, मत कुणाला देऊ? ऑक्टोबर २०२५च्या डच निवडणुकीआधी तिथल्या माहिती-संरक्षण प्राधिकरणानं असे चार गप्पा मारणारे कार्यक्रम तपासले. माणसाचे विचार काहीही असोत, निम्म्याहून अधिक वेळा पहिलं नाव दोनपैकी एका पक्षाचं येत होतं. प्राधिकरणानं लोकांना सांगितलं, याच्या सल्ल्यानं मत देऊ नका. जुन्या स्टेमवाइझरचं निदान असं, की गुण कसे दिले ते तुम्हा-आम्हाला कागदावर करून पाहता येतं. मी पाहिलं.

आपल्याकडे असं काही चालेल का? मला तिथे हेच विचारलं गेलं. आपल्याकडे २००२-०३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांपासून उमेदवार प्रतिज्ञापत्र देतो. त्याच्यावर गुन्हे किती, जमीन किती, दागिने किती, शिक्षण काय, हे सगळं कळतं. कष्टानं मिळवलेला हक्क आहे तो. पण त्या प्रतिज्ञापत्रात पाण्याबद्दल, शाळांबद्दल, पिकाच्या भावाबद्दल त्याचं मत काय हे विचारणारा रकाना नाही. आणि असता तरी १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून सभागृहात हात वर करायचा तो पक्षादेशानं. झुरिकचा सदस्य पक्षाविरुद्ध मत देऊन घरी जाऊ शकतो, आपल्याकडे त्याची सदस्यता जाऊ शकते. तेव्हा आपल्याकडे उमेदवाराचं जाळं काढायचं तर आधी ते पक्षाचं काढावं लागेल, आणि महाराष्ट्रात २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत पक्षांचंच जे झालं ते पाहता कोळ्यालाही घाम फुटेल.

असो. श्टुटगार्टला परत येते. ती लांब पट्टी पाहून भाची दोन दिवस अस्वस्थ होती. तिसऱ्या दिवशी रात्री तिनं वही काढली. आपण कुठल्या विधानांवर त्या नावडत्या पक्षाशी जुळलो ती लिहून काढली, प्रत्येकापुढे पक्षाचं समर्थन वाचलं. काही ठिकाणी तिला ते पटलं आणि त्याचाच तिला राग आला. मग आपल्या आवडत्या पक्षाशी जिथे शून्य गुण मिळाले होते ती विधानं काढली. त्यात किमान वेतन होतं, भाडं होतं. नवरा-बायकोत जुंपली. तो म्हणाला, “तुला तो पक्ष आवडतो कारण त्यांचे लोक तुझ्यासारखं बोलतात.” ती म्हणाली, “आणि तुला मत नाही म्हणून तू मोकळा बोलतोस.” मग दोघं बराच वेळ बोलले नाहीत. मी भांडी विसळायला उठले.

त्या भांडणात एक गोष्ट निघाली होती, ती मात्र यंत्रानं सांगितली नव्हती. तिथे पाच टक्के मतं मिळाली नाहीत तर, थोडे अपवाद सोडता, पक्षाला संसदेत प्रवेश नाही. शंभर टक्के जुळणाऱ्या पक्षाला मत दिलं आणि तो चारावर अडकला, तर ते मत हवेत. त्याच निवडणुकीत सारा वागनक्नेश्ट यांचा नवा पक्ष ४.९८ टक्क्यांवर थांबला. सुमारे साडेनऊ हजार मतं कमी पडली. पहिल्या मताचीही तीच कथा. नव्या कायद्यामुळे मतदारसंघात पहिले आलेले २३ उमेदवार संसदेत जाऊ शकले नाहीत, कारण त्यांच्या पक्षाला पुरेशी दुसरी मतं नव्हती.

रविवारी सकाळी आम्ही तिघं जवळच्या शाळेत गेलो. मतदान केंद्र तिथेच होतं. मी आणि जावई बाहेरच्या बाकावर बसलो. लहान मुलांनी काढलेली चित्रं भिंतीवर होती. भाची आत गेली. आठ-दहा मिनिटांनी बाहेर आली आणि पर्समधून ती वही काढून तिनं त्याच्या हातात दिली. त्यानं पानं चाळली. कोणत्या पानावर खूण आहे का ते तो शोधत होता. खूण नव्हती.

संध्याकाळी सहाला मतदान संपलं आणि लगेच टीव्हीवर अंदाज यायला लागले. ८२.५ टक्के लोकांनी मत दिलं होतं, जर्मनी एक झाल्यापासूनचं सगळ्यात जास्त. भाचीनं कुणाला दिलं ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. माझ्या त्र्याऐंशी टक्क्यांच्या पक्षाचं काय झालं ते मात्र मी रात्री उशिरापर्यंत शोधत होते. तो ‘इतर’ या रकान्यात होता. जावई म्हणाले, “मावशी, तुमचं डिपॉझिट गेलं.”